तुळसाबाईची मूठ

मेडशीच्या ख्रिस्ती वस्तीत देवाशी सगळ्यात जास्त कोण बोलतं असं विचारलं असतं, तर पाळक मारोतरावांनीही तुळसाबाईचंच नाव घेतलं असतं. पहाटे ती गुडघे टेकून असा सूर लावायची की शेजाऱ्यांना कोंबड्याची गरज पडत नसे. आमेन म्हटलं की लगेच उठायची. देव बिचारा काही बोलणार, तोवर बाई चुलीपाशी पोचलेली. तरी दिवसातून चार वेळा ती सांगायची, "देवानं मले सांगतलं." देव तिला नेमकं तेच सांगायचा जे तिच्या मनात आधीपासून असायचं.

तिचा खरा मान मडक्यात होता. वस्तीतल्या बाया रोज दळण काढताना त्यातली मूठभर ज्वारी देवाच्या मडक्यात टाकत आणि हंगामाच्या सणाला ती मडकी वेदीपुढे नेऊन ठेवत. एकोणीस वर्षं तुळसाबाईचं मडकं सगळ्यात मोठं आणि गळ्यापर्यंत भरलेलं. ते डोक्यावर घेऊन ती देवळात शिरली की तिचा नवरा जगदेवसुद्धा अंग चोरून वाट द्यायचा.

त्या साली ज्वारी बेताची होती, दळण मापून निघायचं. त्यातच सून मोतीबाई बाळंत होऊन तीन महिने होत नाहीत तोच तिचं दूध आटलं. मेथी झाली, शतावरी झाली, गुण काही येईना. नात रडून रडून थकली आणि मग नुसती कण्हायला लागली. तुळसाबाईचा जीव कासावीस झाला. तिनं देवाला मोठ्यानं सांगून टाकलं, सुनेला दूध येऊ दे, आजपासून एकाच्या जागी दोन मुठी तुझ्या. आठ दिवस झाले, दूध आणखीच कमी झालं.

नवव्या दिवशी बाईचा घसा बसला. एरवी जेवून ती बायांच्या प्रार्थनासभेला निघायची, पण आवाजच नाही तर तिथं जाऊन करणार काय? ती चुलीमागं भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसली आणि नाइलाजानं गप्प राहिली. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मोतीबाई जेवायला बसली होती. काठवट नखानं खरवडल्याचा आवाज आला. मग घटाघटा पाणी प्याल्याचा. पुन्हा पाण्याचा.

तुळसाबाईनं वळून पाहिलं. टोपली रिकामी होती आणि सुनेच्या हातात चतकोर भाकर. इतक्या वर्षांत तिनं सुनेला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

दोन मुठींची एक भाकर होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि कुणाच्या वाट्याची भाकर मला देतेस, असं कुणीतरी तिला अगदी हळू विचारलं. हे तिच्या मनातलं नव्हतं. म्हणूनच कोण विचारतंय ते तिनं लगेच ओळखलं.

तिनं हुज्जत घातली. तुझ्या नावाचं धान्य मी कशी मोडू? सण तीन आठवड्यांवर आला, लोक काय म्हणतील? देवाचं सांगायचं ते सांगून झालं होतं. झोळीत नात कण्हली.

तुळसाबाई उठली. तिला स्वतःची लाज वाटत होती. देवाच्या मडक्यातली ज्वारी तिनं सुपात ओतली, जात्यावर दळली, भाकरी थापल्या आणि पहिली सुनेच्या ताटात वाढली. मोतीबाई घाबरली.

"आत्याबाई, हे तं देवाचं हाये."

"मंग, त्यालेच देऊन राह्यली," तुळसाबाई बसल्या घशानं म्हणाली. "खाय."

त्या दिवसापासून सून सासूच्या आधी जेवू लागली. मडक्याचा तळ दिसला आणि नातीच्या गालावर मांस दिसायला लागलं.

सणाला तुळसाबाई मडकं डोक्यावर घेऊन त्याच तोऱ्यात वेदीपर्यंत गेली. मारोतरावांनी आत हात घातला आणि चमकून, हे कसं काय झालं म्हणून विचारलं. बाईचा घसा केव्हाच सुटला होता, तेव्हा उत्तर सगळ्या देवळानं ऐकलं.

"यंदा देव माह्याच घरी जेवला, पाळकसाहेब. रिकामंच ठेवून द्या."

मग तिनं गुडघे टेकले. आता तासभर तरी सुटका नाही म्हणून लोकांनी बैठक सावरून घेतली. पण ती काहीच बोलली नाही. मागच्या रांगेत मोतीबाईच्या पदराआड नात चुटूचुटू दूध पीत होती, तेवढाच आवाज देवळात येत होता, आणि तुळसाबाई डोळे मिटून तो ऐकत होती.