यादीत नसलेला धोंडू

बाबुरावकाकांना कीबोर्डवरच्या टॅबची सवय मी लावली. पाप माझंच.

२०१४ साल. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज तपासायचं काम चालायचं. प्रोग्राम माझा, मशीनवर बसायचे काका, गिरणीत साचा चालवलेले जुने साचेवाले. काळ्या पडद्यावर कामगाराचं नाव टाइप करायचं. गिरणीच्या यादीत असलं तर माहिती यायची, नसलं तर 'सापडलं नाही'. मग काका विचारायचे, "कोणाच्या तिकिटावर जायचो तो?" तिकीट म्हणजे गिरणीतला हजेरीचा नंबर; संपाआधी कितीतरी बदलीवाले भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर राबायचे. त्यांचे अर्ज वेगळ्या फायलीत, दोन साक्षीदार घेऊन.

पण काका टाइप करणार एका बोटानं. माझं डोकं फिरायचं. तेवढ्यात शेलची, म्हणजे त्या काळ्या पडद्यामागच्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली. तिच्यात टॅबची सोय मुळातच चालू होती. मी लगेच टाकली.

"काका, चार अक्षरं टाका नि टॅब दाबा. पुढचं नाव मशीन लिहितं."

"माका घाई नाय गो. नाव पुरां लिवलां की माणूस डोळ्यासमोर येता."

"बाहेर रांग बघा जरा," मी खेकसले. बिचारे शिकले. रांग झपाझप सरकायला लागली आणि मी खूश. 'सापडलं नाही' यायचंच बंद झालं होतं. ते का, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

अर्जांची मुदत संपल्यावर जाईबाई आली, धोंडूची बायको. तिचा अर्ज 'घर आधीच मिळालं' म्हणून बाद झाला होता. तिचा धोंडू जन्मभर थोरल्या भावाच्या तिकिटावर राबलेला, यादीत नव्हताच. काकांनी चार अक्षरं टाकली, टॅबनं यादीतला, घर मिळालेला दुसराच धोंडू पुढे केला, काकांनी एंटर दाबलं. यादीत नसलेला माणूस टॅबला कुठून ठाऊक असणार?

"चूक माझी गो. डोळे गेले माझे," काका तिला म्हणाले. मी बाजूलाच उभी होते. मेले होते का मी? त्यांना तसं बोलू दिलं.

जाईबाईनं अर्जाची घडी घातली. "जितो होतो तेव्हा तो दुसऱ्याच्या नावार राबलो. मेल्यार तरी तेचां नाव पुरां लिवूचां होतां."

तेव्हा कुठे मी म्हणाले, "मावशी, काकांची नाही, चूक माझी आहे."

तिनं मला नीट पाहून घेतलं.

"मगे आता घर गावतलां काय?"

"नाही," मी म्हणाले.