चारी बाजूंनी सोललेलं झाड

मी किलुमच्या डोंगरावरचं कडू सालीचं झाड बोलतोय. माझी साल उकळून प्यायली की म्हाताऱ्यांची तुंबलेली लघवीची धार जरा मोकळी होते, असं इथे सगळे मानतात. त्यामुळे गावातल्या थोरामोठ्यांची गुपितं माझ्याकडे. राजाच्या बैठकीत छाती काढून बसणारे माझ्या बुंध्याशी ताटकळत उभे राहायचे, आणि पदरात काय, तर दोन थेंब. मी पानं सळसळवून हसायचो.

मधमाश्या पाळणारा लुकोंग त्यांतलाच. पण साल काढावी तर त्यानंच. समोरासमोरच्या दोन बाजूंची पट्टी घ्यायची, उरलेल्या दोन बाजूंना हात लावायचा नाही. कुणी सुरी गोल फिरवली की हा त्याच्या सात पिढ्या काढायचा. "झाडाला नागडं करतोस? तुझ्या बापाला करू का असं चावडीवर उभं?"

यंदा पावसाळ्यात त्याची धार पार अडली. पोट धरून वर आला, मागोमाग बायको येफोन.

"अहो, खाली दवाखान्यात चला. नळी घालतात, मोकळं होतं."

"तिथली नर्स माझ्या चुलतभावाची नात. तिच्यापुढे उघडा होऊ?"

"पोटाचा ढोल झालाय. वाजवायलाच जमेल आता गाव."

"तू चूल पेटव, जा."

दोन बाजूंची साल अजून भरली नव्हती. लुकोंगनं उरलेल्या दोन बाजूंवर हात फिरवला. "माफ कर, गड्या," म्हणाला, आणि सुरी गोल नेली.

भांडंभर काढा प्याला. थेंब नाही. सुस्तावलेल्याला मी चालतं करत असेन; बंद दार उघडणं माझ्या सालीत नाही. चौघांनी खाली नेलं तोवर ताप डोक्यात चढला होता. दवाखान्यातच गेला तो. शेवटी त्याचं अंग पुसलं ते त्या नातीनंच.

येफोन येते, माझ्या उघड्या बुंध्याला शेणमाती लिंपते. "तू तरी तग धर रे." कसा धरू, बाई? पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरतच नाही. वरून मी अजून हिरवा दिसतो, एवढंच. वाटसरू म्हणतात, झाड कसं ठणठणीत आहे.

म्हाताऱ्यांनो, तुमची फार थट्टा केली. आता एवढं ऐका. धार अडली की मला उकळत बसू नका. लाज गुंडाळून डोंगर उतरा. माझ्या अंगावर आता कुणाला द्यायला काही उरलेलं नाही.