पडद्यावरच्या पोराचं काय झालं

नवरात्रात पोशीरच्या मंडळाचा पिक्चर म्हणजे नीलेशचा माईक. परदेशी पिक्चरात पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळायची, आणि ती पळता पळता पकडणारा गावात हा एकटाच बी.कॉम. तो पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि जो जे बोलेल ते मराठीत सांगायचा. एका कोरियन गुंडाच्या तोंडी त्यानं गावच्या पोलीस पाटलाची बोली घातली होती. पोरं ती वर्षभर बोलत होती.

यंदा मंडळाचा अध्यक्ष कमळ्या यानं चायनीज पिक्चर आणला. चायनीज म्हणजे फायटिंग, असं तो गावभर सांगत सुटला होता. पडद्यावर आलं ते कोळशाच्या खाणीचं धुळकट गाव. खाण बंद पडलेली, आणि दोन पोरं फटफटीला टेकून नुसती थुंकत उभी.

"नील्या, मारामारी कधी रं?" कमळ्या ओरडला.

"त्यांच्या नशिबाशी चाललीय. तुला दिसत नाय," नीलेश माईकमध्ये म्हणाला. बाया हसल्या.

मग बुलडोझर आला. त्या दोघांतल्या एका पोराचं घर पडलं, तिथं टोलेजंग इमारती उठल्या आणि तोच पोरगा निळा युनिफॉर्म घालून तिथल्याच फाटकावर गाड्यांना सलाम ठोकू लागला.

नीलेशनं विनोद सोडले आणि खाली येईल ते तसंच सांगू लागला. तोही कळंबच्या रिसॉर्टच्या फाटकावर उभा असायचा. रविवारी पाहुणे निघाले की स्विमिंग पूलमधल्या औषधाचा वास, उष्ट्या बिर्याणीचा आंबूस वास आणि गाडीच्या काचेतून येणारं 'थँक्यू भैया'. घरी येऊन तो हात राखेनं घासायचा, तरी सलाम काही निघायचा नाही.

तेवढ्यात राजेशशेठ त्याच्या कानाशी वाकले. तोंडातल्या तंबाखूच्या माव्याचा आणि अंगावरच्या सेंटचा मिळून एक वास. रिसॉर्टवाल्या कंपनीचे एजंट ते. आजचा पडदाही त्यांचा आणि वडापावही त्यांचेच. उद्याच्या ग्रामसभेत कंपनीच्या रस्त्यासाठी गुरचरण द्यायचं की नाही, ते हात वर करून ठरणार होतं. आणि बायांचे हात सोनुबाईच्या हातामागून जायचे. सोनुबाई म्हणजे नीलेशची आई. तिच्या शेळ्या त्याच गुरचरणावर चरत.

"हे असलं रडगाणं ऐकवून लोकांची मनं फिरवतोस काय?" शेठ म्हणाले. "त्या पडद्यावरच्या पोराला मॅनेजर कर. तुझी सुपरवायझरची खुर्ची मी धरून ठेवलीय."

पडद्यावर साहेबानं पोराला बोलावलं. खाली अक्षरं आली: उद्यापासून येऊ नकोस. नीलेशनं ती नीट वाचली. मग म्हणाला, "साहेब म्हणतायत, उद्यापासून तू मॅनेजर."

टाळ्या पडल्या. पोरगा चौकीमागं जाऊन भिंतीला टेकला आणि टोपीनं नाक पुसू लागला.

"मग रडतो कशाला?" गोणपाटावर बसलेल्या सोनुबाईनं विचारलं. सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

शेठचा हात नीलेशच्या खांद्यावर होता. ओलसर, गरम.

"आनंदानं, आये."

पिक्चर संपल्यावर लोक वडापावावर तुटून पडले, कागद पायाखाली तुडवू लागले. सोनुबाईनं गोणपाट झटकलं आणि ती नीलेशपाशी आली.

"त्याला काढून टाकलं ना रं?"

नीलेश माईकची वायर गुंडाळत राहिला.

"मला अक्षर येत नाय, माणूस येतो. शेठ तुला खुर्ची दाखवतोय ते मला ठाव हाय; पायजे होती तर सरळ घरी बोलला असतास. माझ्याशी कशाला माईकवरून खोटं बोललास?"

"उद्या रस्त्यासाठी नको करू हात वर," तो पुटपुटला.

"आता नको म्हणतोस व्हय? मी हात खाली ठेवला नि बायांनी कारण विचारलं, तर एवढ्या लोकांत बोललास ते खोटं पडेल; मग तुला गावात तोंड राहील का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत भरलेल्या ग्रामसभेत सोनुबाईचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मागोमाग बायांचे गेले. राजेशशेठनी टाळ्या वाजवल्या आणि नीलेशला पेढा भरवला. पेढा ताजा होता. नीलेश शाळेमागं गेला आणि बोटं घशात घालून त्यानं तो ओकून टाकला. तोंड पुसून परत आला तेव्हा सोनुबाई त्याच गुरचरणावर शेळ्या सोडायला गेली होती.