गौहरबाईंची गाणी

मी कृपादान. नगरच्या मिशनशाळेतला मास्तर आणि, हसू येत असेल तर हसा, चरित्रकार. गवयांची आणि कवींची सात चरित्रं माझ्या नावावर आहेत. सातही इतकी सोज्वळ, की ती माणसं कधी जेवलीखाल्ली असतील असंही वाटू नये.

याला माझी एक सवय कारण. पुस्तक छापायला धाडण्याआधी मी ते त्या माणसाच्या घरच्या मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि ज्याला जे खुपेल ते खोडतो. कुणाची दारू गेली, कुणाची दुसरी बायको गेली. लोक म्हणत, मास्तर फार सभ्य. मला ते गोड लागे.

१९४५च्या उन्हाळ्यात गौहरबाईंनी बोलावणं पाठवलं. एके काळी त्या संगमनेरच्या जमीनदार-कवी आबासाहेबांच्या बैठकीत गायच्या. आता झेंडीगेटाजवळच्या एका खोलीत खोकत पडल्या होत्या.

"आबासाहेबांची म्हनून तुमी जी गानी छापली, ती माजी हायेत," त्या म्हणाल्या. "मला लिव्हता येत न्हाई. मी म्हनायची, ते उतरून घ्यायचे."

आबासाहेबांचं चरित्र हे माझं पहिलं पुस्तक, त्यानंच माझं नाव झालं. त्यातल्या बांगड्यांच्या गाण्यावर मी चार पानं खर्ची घातली होती. बांगड्या भरणारा मणेर नवरीचा अंगठा तळहातात मुडपतो आणि बांगडी हळूच सरकवतो, ते वाचून मी लिहिलं होतं, 'कवीचं निरीक्षण किती सूक्ष्म!' गौहरबाईंचे वडील मणेर. मढीच्या जत्रेत बापाशेजारी बसून त्यांनी असे शेकडो हात पाहिलेले. जमीनदाराला हे कुठून कळणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

आणखी एक आठवलं. आबासाहेबांच्या घरी वाचन झालं तेव्हा त्यांच्या मुलांनी एकच ओळ काढायला लावली होती: 'बैठकीत गौहर नावाची बाई गात असे.' मी ती हसत हसत खोडली होती.

"सगळं लिव्हा मास्तर," गौहरबाई म्हणाल्या. "पर कुनाला वाचून दावू नका."

मी बायबलावर हात ठेवून शब्द दिला.

आठ महिने त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. जन्मात पहिल्यांदा काही खरं लिहिलं. शेवटचं प्रकरण संपायच्या आत त्या गेल्या.

चाळिसावा झाल्यावर त्यांची मुलगी हसीना बेलापूरहून आली. तिथल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे दिलेली.

"आईवर लिव्हलंय म्हनं. वाचा की."

नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, म्हणायचं होतं. पण समोर घरचं माणूस बसलं की माझे हात आपोआप कागद उचलतात. मी वाचलं.

"मास्तर, माज्या पोरीचं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "आई बैठकीत गायची हे त्या लोकांना ठावं न्हाई. कळलं तर लगीन मोडंल. पदर पसरते तुमच्यापुढं."

"मी त्यांना शब्द दिलाय, बाई."

"आई गेली. माजी पोर जित्ती हाय."

मी टाक उचलला. बैठक गेली, आबासाहेब गेले, गाणी गेली. उरली एक देवभीरू मणेराची मुलगी, जिच्यावर पुस्तक कशाला लिहायचं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

निघता निघता हसीना दारात थांबली.

"ते बांगड्यांचं गानं आई मला निजवताना म्हनायची. मला समदं आठवत न्हाई. तुमच्याकडं हाय का?"

मी फळीवरून आबासाहेबांचं चरित्र काढलं आणि गाणं वाचलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. अंगठा मुडपण्याची ओळ आली तशी ती हुंदके देऊन रडायला लागली.

"कुनाचं म्हनून छापलंय?" तिनं विचारलं.

"आबासाहेबांचं."

तिनं डोळे पुसले. "असू द्या," म्हणाली आणि गेली.

पुस्तक माझ्या हातात तसंच उघडं राहिलं. गौहरबाईंना मी आज दुसऱ्यांदा खोडलं होतं, आणि या वेळी मला सगळं माहीत होतं.