नकाशावरचे आठशे मीटर

मित्रांनो, मी नगररचना कार्यालयातले एक जुने मोजणीचे चाक आहे. एक दांडा, एक रबरी चाक आणि आकडे दाखवणारी डबी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून आले तेव्हा माझा काय थाट होता! मला फिरवल्याशिवाय साधे गटारसुद्धा आखले जात नसे. पुढे नकाशे संगणकात गेले आणि मी कपाटामागे धूळ खात पडले. माझी आठवण उरली ती फक्त मोजणीदार बाईंना. जागेवर गेल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे, म्हणून साहेब त्यांना 'पायपीटबाई' म्हणून चिडवत.

एकदा ठरले, की जुन्या वस्तीतला लहान दवाखाना बंद करायचा. साहेबांनी नकाशावर नव्या रुग्णालयाभोवती आठशे मीटरचे वर्तुळ काढले. वस्ती त्यात अलगद बसली. दहा मिनिटांची वाट, झाले काम! दुपारी चारला सही व्हायची होती.

त्या सकाळी वस्तीतल्या शिंपीणबाई कार्यालयात आल्या. त्यांच्या लेकीला दमा होता.

"बाई, धाप लागली की पोरीचे ओठ निळे पडतात हो! तिला घेऊन मी कुठवर धावू?"

मोजणीदार बाईंनी मला ओढून बाहेर काढले. शिंपीणबाईंच्या उंबऱ्यापासून आम्ही निघालो. वाटेत आठ पदरी रस्ता, मधोमध लोखंडी कठडा आणि पूल पार त्या टोकाला. आकडा आला दोन हजार तीनशे चाळीस.

साहेबांनी तो पाहून नाक मुरडले. "चाक झिजलंय हे. झिजलेलं चाक जास्तच दाखवतं."

मित्रांनो, ते खरे होते. व्हरांड्यात फीत टाकून तीस मीटर मोजले, तर मी एकतीस दाखवले. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला. माझ्यापायी त्या पोरीचा दवाखाना जाणार होता. साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

"एकतिसामागे एक वजा करा, साहेब," बाई म्हणाल्या. "तरी बावीसशेच्या खाली येत नाही. नाहीतर तुम्हीच ढकला. आठशे झाले की थांबा."

साहेब इरेला पेटले. भर उन्हात शिंपीणबाईंच्या उंबऱ्यापाशी त्यांनी माझा दांडा धरला. मोजणीदार बाई आणि मायलेकी सोबत निघाल्या. सातशे, साडेसातशे... पोरगी खोकू लागली. आठशेला साहेब थांबले. समोर कठडा होता, त्यापलीकडे धडधडत जाणारे ट्रक आणि त्यांच्याही पलीकडे रुग्णालय. त्याची पाटीसुद्धा वाचता येत होती. पूल मात्र अजून दूर होता.

तेवढ्यात पोरगी मटकन खाली बसली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आईने तिला उचलले आणि मागच्या गल्लीतल्या लहान दवाखान्याकडे धूम ठोकली. रुग्णालयाकडे तिने वळूनही पाहिले नाही. साहेब मला तिथेच टाकून त्यांच्यामागे धावले.

पदपथावर आडवे पडून मी किती वेळ वाट पाहिली, ते मला मोजता आले नाही. शेवटी साहेब परत आले. शर्ट घामाने भिजला होता.

"आला श्वास," ते माझ्यापाशी थांबलेल्या मोजणीदार बाईंना म्हणाले. "सही नाही करत मी. आधी इथून पलीकडे जायची वाट काढू."

बाळांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी शहरे आखेल. नकाशा जरूर काढा, पण जे डोळ्यांना दिसते ते पायांना जवळ असतेच असे नाही. ज्याला धाप लागते, त्याच्यासोबत एकदा चालून या, आणि मगच म्हणा, की जवळ आहे.