माझ्या झाकणावरचं कॉलेज

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, याचा राग मानू नका. माझ्या कपाळावर एक बारीक काचेचा डोळा आहे. त्या डोळ्यासमोर बसून माणसं आपलं नाव, गाव आणि शिक्षण सांगतात. कोण खरं बोललं आणि कोणी वाढवून सांगितलं, हे मला जवळून दिसतं. म्हणून स्वभावच असा झाला.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारखे हजारो तिथे एकाच पट्ट्यावरून पुढे सरकत होते, आणि आमच्यात काडीचाही फरक नव्हता. तिथून मी एका मोठ्या शहरातल्या, मोठ्या नावाच्या कॉलेजात गेलो. त्या कॉलेजचं नाव घेतलं की लोक खुर्चीत सावरून बसतात. माझा पहिला मालक तिथे शिकत होता. मुलगा हुशार होता, पहिली दोन वर्षं त्याने खरोखर मेहनत केली. पुढे मात्र त्याचं बरंचसं काम मित्रांकडून माझ्यात येऊ लागलं. जसं यायचं तसंच ते तो पुढे पाठवायचा. मी पाहत होतो, पण मला विचारतो कोण?

शेवटच्या वर्षी कंपन्या स्वतः कॉलेजच्या दारात आल्या. त्याने वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा घालून खोलीतूनच माझ्यासमोर मुलाखत दिली. मुलाखत घेणारेही त्याच कॉलेजचे, त्यामुळे अर्धा वेळ वसतिगृहाच्या गप्पाच झाल्या. खोलीत दुसरं कोणी आहे का, असं त्याला कोणी विचारलं नाही. नोकरी लागली. तेव्हापासून माझ्या मनात एक शंका बसली. कंपनीने निवडलं ते या मुलाला, की त्याच्या कॉलेजच्या फाटकाला?

त्या आनंदाच्या गडबडीत मी पलंगावरून खाली पडलो. माझ्या झाकणाला बिजागरीपासून एक लांब चीर गेली. दुरुस्त करायचा कंटाळा, म्हणून त्याने चिरेवर कॉलेजचं नाव आणि चिन्ह असलेलं मोठं जाड स्टिकर चिकटवलं. झाकण धरून राहिलं. लवकरच त्याला कंपनीचा नवा लॅपटॉप मिळाला. मी जुन्या मशीनच्या एका गठ्ठ्यात बांधला गेलो आणि हातोहात फिरत यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याला वाहिदभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो.

वाहिदभाईंनी माझ्या पोटातली धूळ काढली, नवी बॅटरी बसवली. काही आठवड्यांनी बोरी अरबजवळच्या तांड्यावरून हिरासिंग राठोड आपल्या मुलीला, ममताला, घेऊन आले. ममता यवतमाळच्या एका लहान कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. हिरासिंगांनी मला बाजारातल्या बैलासारखं चारी बाजूंनी पाहिलं.

"एवढ्या मोठ्या कॉलेजचा लॅपटॉप," ते म्हणाले, "मंग दारव्ह्यात काहून आला? चोरीचा त नाही?"

"हिरासिंगभाऊ, चोरीचा माल मी दुकानात ठेवत नाई," वाहिदभाई म्हणाले. "घ्यायचा त घ्या. पन शक नका करू." मग ते ममताकडे वळले. "बेटा, हे स्टिकर काढू नको. खाली झाकन चिरलेलं आहे. यानंच धरून ठेवलं."

अशा रीतीने मी तांड्यावर आलो. हिरासिंगांचा संशय काही गेला नाही. ममताची आई बसंतीबाई मात्र रोज मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. मित्रांनो, त्या दोन वर्षांत ममताने मला जेवढं राबवलं, तेवढं आधी कोणी राबवलं नव्हतं. चुकलं की ती स्वतःवरच चिडायची, पान बंद करायची, पुन्हा उघडायची. दुसऱ्याचं उत्तर उतरवलं तरी ते का बरोबर आहे हे कळेपर्यंत उठायची नाही. एवढी तरी खात्री मी देऊ शकतो, कारण ती प्रत्येक चूक माझ्याच अंगावरून गेली आहे.

पण तिच्या कॉलेजच्या दारात कोणतीच कंपनी आली नाही. मग तिने घरूनच अर्ज करायला सुरुवात केली. नोकरीच्या संकेतस्थळांवर कॉलेज निवडायचं असायचं. त्यात तिच्या कॉलेजचं नाव नसायचं. तळाला 'इतर' असा एक शब्द असायचा, तोच ती दाबायची. नकार इतक्या लवकर यायचा, की तेवढ्या वेळात मी नीट सुरूसुद्धा होत नाही. एवढ्यात कोणी काय वाचलं असेल? मला तर वाटतं, कोणी वाचतच नव्हतं.

तिचा चुलतभाऊ भारत पुण्याला एका कंपनीत होता. त्याने फोनवर सल्ला दिला.

"ममता, एक वर्षाचा अनुभव टाकून दे बायोडेटात. कंपनीचं नाव मी सांगतो. सगळेच टाकून राह्यले."

"अन् विचारलं त?"

"कोन विचारते? कॉलेज मोठं नसलं त काहीतरी मोठं दाखवाच लागते."

ममताने फोन ठेवला. एक वर्षाचा अनुभव, असं तिने माझ्यावर टाईप केलं. मी श्वास रोखून पाहत होतो. मला श्वास नाही, पण पंखा आहे, आणि तो जोरात फिरायला लागला होता. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर मागे घेत तिने ती पुसून टाकली.

त्यानंतर नागपूरच्या एका कंपनीने सगळ्यांसाठी एक खुली परीक्षा ठेवली. तपासणाऱ्यांना फक्त उत्तरं दिसणार होती, कॉलेज नाही. ममता त्यात वरच्या मुलांमध्ये आली. मुलाखतीचा निरोप आला, आणि त्यासोबत एक सूचनाही आली. उमेदवाराने एक वेगळा फोन बाजूला उभा ठेवावा, त्यात लॅपटॉप मागून आणि खोली पूर्ण दिसावी, आणि खोलीत दुसरं कोणी नसावं.

"तुह्यावर पहारा ठेवून राह्यले का?" हिरासिंगांनी विचारलं. तरी त्यांनी आपला फोन काढून दिला. बसंतीबाईंनी तो तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्या दार ओढून बाहेर ओसरीत जाऊन बसल्या.

दुपारी मुलाखत सुरू झाली. माझ्या पडद्यावर दोन चेहरे आले. एक शीला मॅडम, गंभीर, कमी बोलणाऱ्या. दुसरे इंद्रजीत सर, तरुण आणि जरा घाईत असलेले. आधी सगळं इंग्रजीत चाललं. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "परीक्षेतली उत्तरं तुम्ही स्वतः लिहिली होती?"

ममता हो म्हणाली. त्यांनी तिला मला उचलून खोलीत फिरवायला लावलं. कापसाची पोती, खाट, खुंटीवरचे कपडे, सगळं मी त्यांना दाखवलं. एका पोत्यामागे कोण आहे, असंही सरांनी विचारलं. तिथे मांजर होतं.

मग ममताने मला पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि तेव्हा कुठे सरांचं लक्ष बाजूच्या फोनमधल्या माझ्या पाठीकडे गेलं.

"अरे!" ते एकदम पुढे झुकले आणि मराठीत बोलू लागले. "हे तर माझं कॉलेज! तू तिथली आहेस? तुझ्या अर्जात काहीतरी दुसरंच लिहिलेलं दिसतंय. चूक झालेली दिसते. आधी सांगायचं ना!"

मित्रांनो, माणसाचा चेहरा इतका बदललेला मी कधी पाहिला नव्हता. ते हसत होते. मागच्या टेकडीवरची चहाची टपरी अजून आहे का, असं विचारत होते. टपरी होती, मी स्वतः तिथे गेलो होतो. नुसतं 'हो सर' म्हटलं असतं, तर पुढची मुलाखत गप्पांत सरली असती. ममताचे हात माझ्या कळांवर होते.

"नाही सर," ती म्हणाली. "अर्जात लिहिलं तेच माझं कॉलेज आहे. हा लॅपटॉप जुना घेतलेला आहे."

सरांचं हसू जागच्या जागी थांबलं. "मग हे स्टिकर का ठेवलंस? कॅमेऱ्यात दिसावं म्हणून?"

"नाही सर. खाली झाकण चिरलेलं आहे."

"असं?" ते म्हणाले. त्या एका शब्दात सगळं होतं.

ममता उठली. शीला मॅडम काहीतरी म्हणत होत्या, पण ती थांबली नाही. माझ्यामागे येऊन तिने स्टिकरचं टोक नखाने उचललं आणि एका ओढीत ते सोलून काढलं. मला झालेल्या वेदनेबद्दल मी बोलणार नाही. चीर उघडी पडली, बिजागरी सुटली आणि माझा पडदा मागे कोसळायला लागला. तिने तो एका हाताने धरला.

कडकन आवाज झाला तशा बाहेरून बसंतीबाई ओरडल्या, "ममता! काय पडलं वं?"

"याडी, अंदर येऊ नको!" ममता आईला ओरडून म्हणाली. "कोनीच येऊ नका!"

दार हललं नाही. मग ती समोर येऊन बसली. डाव्या हाताने माझा पडदा धरलेला, उजवा हात कळांवर. "विचारा सर," ती म्हणाली.

प्रश्न शीला मॅडमनी विचारला. एका दवाखान्याच्या यंत्रणेत रुग्णांच्या नोंदी येत राहतात, कधी एकच नोंद दोनदा येते. ती तिथल्या तिथे कशी ओळखशील? ममता एका हाताने लिहू लागली. अक्षरं हळू येत होती, पण येत होती. मध्ये एकदा ती चुकली, थांबली, मागे गेली. "इथे माझं चुकलं," असं स्वतःच म्हणाली आणि दुरुस्त केलं. पडदा पुन्हा मागे कलायला लागला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काहीतरी टेकव त्याला." तिने पिठाचा डबा ओढून माझ्यामागे लावला आणि मग दोन्ही हातांनी उत्तर पूर्ण केलं. दोघांनी मिळून चार वेगवेगळ्या बाजूंनी ते तपासलं. उत्तर टिकलं.

शेवटी रीतीप्रमाणे मॅडमनी विचारलं, "तुला काही विचारायचं आहे?"

"हो," ममता म्हणाली. इंग्रजी तर कधीच सुटली होती, आता पुस्तकी मराठीही सुटली. "हा दुसरा फोन तुम्ही सगळ्यायलेच लावायला सांगता का?"

"तो कंपनीचा नियम आहे," सर लगेच म्हणाले.

शीला मॅडमनी सरांकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नाही. नाव माहीत नसलेल्या कॉलेजच्या मुलांनाच." आणि मुलाखत संपली.

त्या उत्तरावर मी विश्वास ठेवला. माझ्यासमोर बोललेल्या फार थोड्या वाक्यांवर मी ठेवला आहे.

निवड झाल्याचा निरोप काही दिवसांनी आला, पण त्यालाही एक शेपूट होतं. पहिले सहा महिने तिला तात्पुरतं ठेवणार होते आणि काम पाहून कायम करणार होते. तिच्याबरोबर घेतलेल्या मोठ्या कॉलेजच्या मुलांना ही अट नव्हती. ममता रडवेली झाली. जाऊ की नको, असं वडिलांना विचारू लागली.

हिरासिंगांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते तुले सहा महिने पाहून घेतीन," ते म्हणाले. "तू बी त्यायले सहा महिने पाह्य."

ती गेली. सहा महिन्यांनी कायम झाली. सुट्टीत घरी आली की आईला सांगायची, की त्या प्रश्नानंतर कंपनी आता दुसरा फोन एकतर सगळ्यांना लावायला सांगते, नाहीतर कोणालाच नाही. मी फळीवरून ऐकायचो. तिलाही कंपनीचा नवा लॅपटॉप मिळाला होता, आणि मी फळीवर धूळ खात होतो. बसंतीबाई अधूनमधून पुसायच्या, पण मला कोणी उघडत नव्हतं. आपलं काम झालं, आता आपल्याला विसरले, असा संशय मला येत होताच.

या दिवाळीला ममता आली ती कामासकट. आता नव्या उमेदवारांची अर्जासोबत आलेली उत्तरं आधी तीच वाचते. बसंतीबाई शेजारी बसून तुरीची डाळ निवडत होत्या. वाचता वाचता ममता थांबली.

"झरी जामणीची पोरगी आहे, जया मडावी," ती म्हणाली. "कॉलेजचं नावबी आयकलं नाही कधी. अन् उत्तर पाह्य कसं लिहिलं! कोनाकडून लिहून घेतलं का काय हिनं?"

मित्रांनो, इतकी वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला, पण ममताच्या तोंडून हे वाक्य येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बसंतीबाईंनी डाळीतून मान वर केली नाही. "तुह्याबद्दलबी असंच म्हनलं असन कोनी," त्या म्हणाल्या.

ममताचा चेहरा पडला. मग तिने तक्त्यातला कॉलेजचा रकाना झाकून टाकला आणि पहिल्यापासून सगळी उत्तरं पुन्हा वाचायला घेतली. नुसती जयाची नाही, सगळ्यांची. दोन उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली. शेवटी रकाना उघडला, तर दोन्ही मोठ्या नावाच्या कॉलेजांची होती. त्या दोघांना बोलावून विचारायचं ठरलं. जयालाही तेच प्रश्न, तितकेच, त्याच आवाजात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. आमच्या चिरा वेळेवर दुरुस्त करा, नुसत्या झाकून ठेवू नका. आणि संशय घेऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतः घेतो. कधीकधी तो घ्यावाच लागतो. पण घ्याल तेव्हा सगळ्यांवर सारखा घ्या, आणि समोरच्याने उत्तर दिलं की ते शेवटपर्यंत ऐका.

जयाची मुलाखत परवा आहे. ममता शेजारच्या खोलीत बसून तिच्यासाठी आणि त्या दोघांसाठी सारखेच प्रश्न काढते आहे. प्रश्न अवघड आहेत.