ओटीतले बगळे

"भारतीय बॅलेचा इतिहास आज देशपांडे नगरातून नव्याने लिहिला जाईल!" स्टुलावर उभ्या पांडुरंगरावांनी जाहीर केलं.

"तोवर लोणच्याची बरणी खाली द्या," त्यांच्या पत्नी वेणूबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्यांची सून उत्तरा कपाटातले कपडे भराभर पलंगावर फेकत होती. बगळ्यांवरच्या एका बॅलेसाठी तिने वेशभूषेची चित्रं काढली होती. हिवाळाभर उणकल तळ्याच्या काठी बसून. त्यांवरून खणाच्या पाच तुकड्यांवर पंख रंगवले होते. बॅले बसवणाऱ्या वेदश्रीबाई ते बघायला बेंगळुरूहून निघाल्या होत्या. पसंत पडले, तर उत्तराचं हे पहिलं काम. आणि खण कपाटात नव्हते.

"आई, इथले खण?"

"ते होय? हळदीकुंकवाला ओटीत घातले की. घडी घातलेला खण आणखी कशाला असतो?"

"त्यांवर पंख होते!"

"मला वाटलं, नवी फॅशन."

उत्तराने चपला शोधल्या. "घरोघर जाऊन परत आणते."

"दिलेली ओटी परत मागणार? या घरची सून?" वेणूबाई बरणीचं घट्ट झाकण आणखी घट्ट करत राहिल्या. मग त्यांनी एकेकीला फोन लावायला घेतला. "मागता येत नाही. चहाला बोलावता येतं. हं, भाग्यक्का? ब्लाउज शिवून आला काय ग? मग तोच घालून ये. आत्ता."

वेदश्रीबाई आल्या आणि उभ्यानेच चित्रं बघू लागल्या. पांडुरंगरावांनी इतिहासाला सुरुवात केली, तो कुणी ऐकला नाही.

"कागदावर सगळेच पक्षी उडतात हो," वेदश्रीबाई म्हणाल्या. "कापड कुठाय?"

उत्तरा दाराकडे बघत राहिली. वेदश्रीबाईंनी पर्स खांद्याला अडकवली.

"बरं. पुढं कधीतरी बघू."

त्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या आणि समोरून पाच बायका धापा टाकत आत आल्या. एकीच्या केसांना अजून मेंदी होती.

"हे कापड," वेणूबाई म्हणाल्या.

वेदश्रीबाईंनी पाचही जणींना खालून वर न्याहाळलं.

"हात वर करा."

पाचही जणींनी वेणूबाईंकडे पाहिलं. वेणूबाईंनी मान हलवली. हात वर गेले, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत पंख उघडले. एकीचा पंख शिंप्याने उलटा जोडला होता. ती तळ्यावर घसरत उतरणाऱ्या बगळ्यासारखी दिसत होती. उत्तराने हे पंख अंगावर कधी पाहिलेच नव्हते. तिचा हात आपोआप तोंडाशी गेला.

"हळूहळू फिरा."

त्या फिरल्या. पांडुरंगरावांनी इतिहास सोडून स्टूल बाजूला सरकवलं. वेदश्रीबाईंनी खांद्यावरची पर्स काढून जमिनीवर ठेवली आणि शेजारीच मांडी घालून बसल्या, नजर न हलवता.



"मॅडम," शेवटी भाग्यक्का हळूच म्हणाली, "हात खाली घेऊ का? गॅसवर दूध ठेवून आलेय."